पप्पा पाय मोकळे करायला गेले ते गेलेच

पत्र असं आलंय, नाव काढलंय आणि थोडं कापलंय:

"ताई, मी २६ वर्षांचा, मूळचा कराडचा, नोकरी पुण्यात. पप्पा फायर ब्रिगेडमध्ये होते, ३१ वर्षं. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि तेव्हापासून नुसते बसून असतात, बातम्या बघतात आणि बातम्यांवर चिडतात. दिवाळीत घरी गेलो तेव्हा म्हटलं पप्पा हे एक बघा, आग विझवणाऱ्यांचंच आहे, आणि फायर फोर्स ही जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका लावली, सबटायटल मी वाचून दाखवत होतो. पहिला एपिसोड संपल्यावर बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, आम्ही पण हात जोडायचो रे, कुणाला दिसणार नाही असे. मला इतकं भारी वाटलं ना ताई. दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाले, लाव ते तुझं. आणि मग ती तामाकी आली. कपड्यांची फजिती, हिरो धडपडून तिच्या अंगावर, सगळा तो ठरलेला प्रकार. आई तिथेच मेथी निवडत बसलेली. पप्पा म्हणाले, मी जरा पाय मोकळे करून येतो. त्यानंतर 'लाव' म्हणालेच नाहीत. मला विचारायचंय, एक तर हे लोक असं का करतात, हे नसतं तर उलट जास्त लोकांनी बघितलं असतं ना? दुसरं, मी एकटा बघतो तेव्हा असल्या सीनला हसतो आणि पुढे जातो, मग पप्पांसमोर मेल्याहून मेल्यासारखं का झालं, मी ढोंगी आहे का? आणि पप्पांना परत कसं बसवू?"

अरे मित्रा, ते पाय मोकळे करून येतो वाचून मी आधी जोरात हसले आणि मग वरचं हात जोडण्याचं वाक्य परत वाचलं आणि हसू गेलं. कारण तुझ्या घरात जे झालं ते नुसतं लाजिरवाणं नाही झालेलं, तुझं बरंच काही हातात आलेलं निसटलंय. म्हणून जरा लांबण लावते, चहा घेऊन बस.

आधी माझी गोष्ट ऐक म्हणजे तुला एकट्याला वाटणार नाही. मी एकदा आईसमोर वन पीस, ते समुद्री चाच्यांचं ॲनिमे, लावलं होतं, दोन वर्षांच्या गॅपनंतर सगळे परत भेटतात तिथून पुढचं. त्यातल्या सांजीला, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाक्याला, जलपऱ्या दिसतात आणि त्याच्या नाकातून रक्ताचं कारंजं उडतं, इतकं की पुढे त्याला रक्त चढवायची वेळ येते, म्हणजे हा गडी मारामारीत नाही मरायला टेकला, बायका बघून टेकला. ॲनिमे बघणाऱ्या कुणालाही माहितीय नाकातून रक्त म्हणजे काय, तिकडचा तो जुना ठरलेला जोक आहे. आईला काय माहीत. ती एकदम सिरियस होऊन म्हणाली, अगं ह्याचा घोळणा फुटला, कांदा हुंगवा म्हणावं कुणीतरी. मी काय सांगणार तिला, की आई हा घोळणा वेगळ्या कारणाने फुटलाय? म्हटलं हो ना, ऊन फार आहे तिकडे. समुद्राच्या तळाशी ऊन.

पण बघ, आई उठून नाही गेली. तुझे पप्पा गेले. दोन्हीकडे फॅन सर्व्हिसच, मग फरक कुठे पडला, हे मला महत्त्वाचं वाटतं आणि तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पण तिथूनच निघतं.

फॅन सर्व्हिस म्हटलं की आपण लगेच कमी कपडे असं धरतो पण जपानमध्ये त्या शब्दाचा पसारा मोठा आहे. बघणाऱ्याला खूश करायला गोष्टीच्या गरजेपेक्षा जास्तीचं जे काही वाढलं ते सगळं त्यात येतं, रोबोटचा एकेक स्क्रू प्रेमाने काढून दाखवणं, जुन्या पात्राला दोन मिनिटं आणून शिट्ट्या मिळवणं, हे पण. १९९५ च्या इव्हँगेलियन मालिकेत पुढच्या भागाची झलक दाखवताना त्यातली मिसातो लाडात म्हणायची, सर्व्हिस सर्व्हिस! म्हणजे पुढच्या आठवड्यात या, तुमच्यासाठी काहीतरी आहे. उघड उघड दुकानदारी, आणि गंमत म्हणजे हीच मालिका शेवटी शेवटी बघणाऱ्याला अशी काही जागेवरून हलवते की सर्व्हिस मागायला आलेला माणूस स्वतःकडे बघत बसतो.

आपल्याला ह्यात नवीन काय आहे सांग? संगीत नाटकात वन्स मोअर म्हणजे काय होतं? नायिका दुःखाने कोसळलीय, पद संपलं, लोक ओरडले वन्स मोअर, ती उठून तेच दुःख परत पहिल्यापासून गाणार. बालगंधर्वांच्या काळी लोक ह्याच्यासाठीच यायचे आणि नाटक पहाटेपर्यंत चालायचं. गोष्ट थांबली तरी चालेल, आम्हाला ते परत पाहिजे. आणि तमाशात तर सगळी मांडणीच ठरलेली, गण, गवळण, बतावणी, लावणी आणि मग वग. लावणी सुरू झाली म्हणून कुणी अरे हे काय मध्येच असं म्हणत नाही कारण ती मध्येच नसतेच, तिची जागा आहे, लोक त्या जागेची वाट बघत असतात. वगात कुणाचा तरी जीव जातोय आणि त्याच मिनिटाला ढोलकी सुरू, असं केलं तर फेटे उडवणारे पण म्हणतील, अरे थांब जरा.

आता पैशाचं. तमाशात दौलतजादा करतो कोण? पुढच्या रांगेतला. मागे सतरंजीवर बसलेली शंभर माणसं तिकीट काढून आलेली असतात पण नोट उडवतो पुढचा, मग नजर कुणाकडे जाणार, उघड आहे. ॲनिमेचं कितीतरी वर्षं असंच चाललं. नव्वदीच्या शेवटापासून जपानी टीव्हीवर मध्यरात्रीनंतर ॲनिमे दाखवायची पद्धत पडली, तो वेळ चॅनलकडून विकत घ्यायचा आणि पैसे वसूल करायचे डीव्हीडी नि ब्लू-रे विकून. एका डिस्कवर दोन-तीन एपिसोड आणि किंमत सहा-सात हजार येन. आता तूच सांग, एवढे पैसे देऊन अख्खी मालिका डिस्कवर घेणारा माणूस म्हणजे साधा प्रेक्षक का? तो पुढच्या रांगेतला. तेव्हा त्याच्यासाठी वाढप वेगळं, टीव्हीवर अंघोळीच्या सीनला सगळीकडे वाफच वाफ, नाहीतर कुठून तरी एक पांढरा प्रकाशाचा पट्टा येऊन पडणार, आणि डिस्क घेतली की वाफ गायब. वाफ विकायचे रे ते, म्हणजे वाफ नसणं विकायचे. हसू नको, धंदा म्हणून डोकं लावलेलं आहे.

आणि फायर फोर्सचं तर मूळच बघ. आत्सुशी ओकुबोची मंगा, म्हणजे जपानी कॉमिक, २०१५ ते २०२२, वीकली शोनेन मॅगझीनमध्ये आली. हे साप्ताहिक मुलांचं, म्हणजे वाढत्या वयाच्या पोरांचं, पण कव्हरवर बऱ्याचदा मॉडेलचा फोटो, आत पण पहिली पानं तीच. त्या शेजारात गोष्ट छापून येतेय. ही सवय आजची नाही, १९६८ ला शोनेन जंप निघालं तेव्हा त्यात गो नागाईच्या हारेन्ची गाकुएनने असाच धुमाकूळ घातला होता, शाळेतल्या चावटपणाची गोष्ट, पालक-शिक्षक संघटना खवळल्या आणि अंक मात्र खपत राहिले. मग पुढच्या सगळ्यांना काय शिकवण मिळाली? आणि फायर फोर्सचा ॲनिमे २०१९ ला आला तो पण मध्यरात्रीनंतरच्या स्लॉटला. म्हणजे तो सीन काढणाऱ्याच्या डोळ्यासमोर कराडचे रिटायर्ड फायरमन आणि शेजारी मेथी निवडणारी आई हे गिऱ्हाईकच नव्हतं. तुझे पप्पा चुकून पुढच्या रांगेत जाऊन बसलेले मागच्या सतरंजीवरचे प्रेक्षक आहेत.

मग तुझा प्रश्न, हे नसतं तर जास्त लोकांनी बघितलं असतं ना? माझं मत सांगते, हो, पण ते लोक वेगळे असते, आणि नुसतं कपड्यांचं माप काढून हे गणित सुटत नाही. काही जण म्हणतात हे असतं म्हणून तर खपतं. तसं असतं तर २०१६ ची केइजो सोन्याच्या भावाने गेली असती. पाण्यावरच्या तरंगत्या फळीवर स्विमसूटमधल्या बाया एकमेकींना ढुंगणाने ढकलून पाडतात, ह्याचा खेळ, अख्खी मालिका एवढीच, आणि मेल्यांनी ती इतकी सिरियसली बनवलीय की हसून पोट दुखतं. तरी डिस्क काही खपल्या नाहीत, एकच सीझन आला नि संपलं. जगभर नाव झालं ते मजेमजेने. म्हणजे पुढची रांगसुद्धा नुसत्या तेवढ्यावर नोट उडवत नाही बाबा.

उलट बाजूला डेमन स्लेयर बघ, राक्षस मारणाऱ्यांची गोष्ट. त्याच्या २०२० च्या मुगेन ट्रेन ह्या सिनेमाने जपानमध्ये ४० अब्ज येनच्या वर गल्ला केला, स्पिरिटेड अवे ह्या सिनेमाचा कितीतरी वर्षांचा रेकॉर्ड मोडला, आणि असा गल्ला आजी-नातू एकत्र थेटरात गेल्याशिवाय होत नाही. आता डेमन स्लेयर काय एकदम सोवळं आहे असं नाही, त्यातल्या मित्सुरी नावाच्या लढवय्या मुलीचा तो उघडा-उघडा युनिफॉर्म आहेच. पण त्याची मंगामधली जोडगोष्ट तुला माहितीय का, की तो युनिफॉर्म तसा शिवला तो एका आंबट शिंप्याने, मित्सुरी बिचारीला वाटलं सगळ्या मुलींचा असाच असतो म्हणून तिने घातला, आणि तिच्या सोबतच्या शिनोबूला तसलाच दिला तेव्हा तिने त्याच्या डोळ्यांदेखत तेल ओतून जाळला. मला हे फार आवडतं. चावटपणा आहेच, पण तो चावटपणा कुणाचा हे गोष्टीतच नाव घेऊन सांगून टाकलं आणि एका बाईच्या हातात काडी दिली.

आता आपल्या मेन विषयाकडे. पप्पा उठले का. तू म्हणतोस आई बसली होती म्हणून. थोडं ते आहेच, आपल्याकडे हॉलमध्ये टीव्हीवर नको ती जाहिरात लागली की एकाला खोकला येतो, एकाला गॅसवरचं दूध आठवतं आणि रिमोट नेमका उशीखाली गेलेला असतो. पण त्याने माणूस दहा मिनिटांनी परत येतो. ते परत आले नाहीत, स्वतःहून लाव म्हणणारा माणूस गप्पच झाला, हे मला दुधासारखं वाटत नाही.

पहिला एपिसोड आठव. माणूस उभ्या उभ्या पेट घेतो, राक्षस झालेला असतो तरी तो कुणाचा तरी बाप नाहीतर बायको असतो, आणि हे लोक त्याला संपवायच्या आधी उभे राहून प्रार्थना म्हणतात, लातोम म्हणतात. आग विझवणाऱ्यांवर सिनेमे कमी नाहीत, पण जळणाऱ्या माणसासाठी थांबून हात जोडणारे कुणी दाखवत नाही. तिथे तुझ्या पप्पांना स्वतःचं काहीतरी दिसलं. ३१ वर्षांत त्यांनी आगीच्या किती वर्दी घेतल्या असतील, बंबावरून उतरून आत गेल्यावर काय काय बघितलं असेल, जे तुझ्या आईला पण सांगितलं नसेल. आणि ते सगळं मनाशी घेऊन माणूस दुसऱ्या दिवशी बसला, म्हणाला लाव. आणि शो म्हणतो, हो हो ते दुःख ठीक आहे, आधी हे बघा गंमत!

वगात मरण चाललंय आणि ढोलकी सुरू झाली.

हे जास्त टोचतं कारण बनवणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. १८ जुलै २०१९ ला क्योटो ॲनिमेशनच्या स्टुडिओला एकाने आग लावली, ३६ माणसं गेली. फायर फोर्स तेव्हा नुकतंच चालू झालं होतं, तिसरा एपिसोड दुसऱ्याच दिवशी यायचा होता, तो त्यांनी पुढे ढकलला. आगीत गेलेल्यांबद्दल एवढी जाण असलेली माणसं आहेत ती. आणि त्याच मालिकेत तामाकीचं असं करून ठेवलंय की तिला म्हणे हा त्रासच आहे, जाईल तिथे तिच्या बाबतीत असलेच प्रसंग होणार, आणि ती दाखवलीय किती वर्षांची, १७. हे मी नाही सोडत. पप्पांच्या डोळ्यासमोर १७ वर्षांची पोर म्हणजे शेजारच्या घरातली बारावीची मुलगी येते, कार्टून कॅरेक्टर नाही येत. तो उठला तर मी त्या माणसाला जुनाट नाही म्हणणार, मी म्हणेन त्याची नजर ठिकाणावर आहे.

आणि त्या पोरीचं नुकसान बघ ना. पुढे रेक्काचं प्रकरण येतं, पहिल्या कंपनीतला, म्हणजे आग विझवणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीतला, तिचा सीनियर, जिच्यासाठी तो देव होता ती हीच तामाकी, आणि कळतं की हाच लहान मुलांना पेटवणारा आहे. केवढा मोठा धक्का आहे, एखाद्या चांगल्या लेखकाने त्यावर स्वतंत्र सीझन काढला असता. पण आधीच्या एपिसोडांमध्ये तिला बघून फक्त हसायची सवय लावून ठेवलीय, मग ती रडते तेव्हा आपण जरा सावध असतो, आता परत काहीतरी घसरणार की काय. हसवायला ठेवलेल्या माणसावर कुणी भरवसा ठेवत नाही, पात्रांचं पण तसंच. तिला नीट बघणारे प्रेक्षक त्या शोने स्वतःच्या हाताने घालवले.

आणि माझ्या आईचं का चाललं? कारण सांजी पहिल्या दिवसापासून तसाच आहे, लोचट, आणि वन पीस हे जत्रेसारखं आहे, त्यात रडणं हसणं मारामारी सगळं एका पालाखाली चालतं, कुणी तुम्हाला प्रार्थनेला उभं करून मागून चिमटा काढत नाही. शिवाय तिथे हसू बाईवर नाही, सांजीवर आहे. तो घोळणा फुटून आडवा पडतो आणि सगळे त्याची लाज काढतात. (मला स्वतःला तो जोक लांबलेला वाटतो हे वेगळं, आणि त्यातल्या नामी-रॉबिन ह्या बायकांच्या कमरेचं वन पीस काढणाऱ्या ओदाने काय करून ठेवलंय त्यावर मी परत कधीतरी चिडेन.)

जागा बरोबर लागली की हेच किती मजा आणतं त्याचं माझं आवडतं उदाहरण गोल्डन कामुय ही मालिका. रशिया-जपान युद्धानंतरचं उत्तर जपानमधलं होक्काइदो, तिथल्या मूळच्या ऐनू लोकांचं लपवलेलं सोनं, कैद्यांच्या अंगावर गोंदलेला नकाशा, थंडी, रक्त, अस्वलं. एवढ्या सगळ्यात एकदा हे राकट राकट पुरुष एका खोपटात बसून समुद्री पाणमांजराचं मटण शिजवतात, आणि त्यांना माहीत नसतं की त्याच्या वाफेने माणसाला नको ते सुचायला लागतं असं ऐनूंमध्ये मानतात. मग काय, सगळे एकमेकांकडे बघून घामाघूम, अरे तुझा दंड काय झालाय, तुझे केस काय, आणि शेवटी करायचं काय म्हणून शर्ट काढून सुमो खेळतात. अर्धा तास मी जमिनीवर लोळत होते. फॅन सर्व्हिस आहे, उघडी अंगं आहेत, पण सगळी मोठी माणसं, फजिती त्यांची स्वतःची, आणि ती गोष्ट पहिल्यापासून अशीच चक्रम आहे त्यामुळे कुणाचा विश्वास मोडत नाही. त्यात त्यांचं जेवण हा पण गोष्टीचा भाग आहे, वाफ कुठूनतरी टीव्हीवाल्यांनी सोडलेली नाही!

आता ढोंगी आहेस का. नाहीस रे. तू एकटा बघतोस तेव्हा तू ॲनिमेचे सगळे ठरलेले खेळ ओळखणारा माणूस म्हणून बघतोस, सीन आला, हसलास, गेला. पप्पा शेजारी बसले की तू त्यांच्या डोळ्यांनी बघायला लागतोस, आणि त्या डोळ्यांना खेळ माहीत नाही, फक्त समोर काय चाललंय ते दिसतं. घरी पाहुणे यायचे म्हटले की रोजच्याच भिंतीवरची ओल दिसायला लागते तसं. ओल कालही होतीच. आता एकदा दिसलीय तर एकटा असताना पण जरा बघ तिच्याकडे, एवढंच म्हणेन, बाकी त्यासाठी स्वतःवर कोरडे ओढून घेऊ नको. आणि सगळं सोडून देतो वगैरे प्रतिज्ञा तर अजिबात नको, असल्या प्रतिज्ञा १ तारखेला सुरू होऊन ४ तारखेला संपतात.

राहिले पप्पा. त्यांच्यापुढे जाऊन पप्पा ते जपानी कल्चर आहे, तिकडे चालतं, असली वकिली करू नको. एक तर ते खरं नाही, जपानमध्येच ह्याला कंटाळलेले लोक ढिगाने आहेत, आणि दुसरं म्हणजे त्यांना वाटेल तू त्या सीनची बाजू घेतोयस. एकच वाक्य बोल, पप्पा तो सीन मला पण नाही आवडला त्या ठिकाणी. बास. तुझ्या घरात ह्यावर चर्चा होणार नाही हे मला माहितीय, आमच्याकडे पण नसती झाली, पण वाक्य कानावर पडलं की काम होतं.

फायर फोर्स परत लगेच लावू नको. पुढे लावलंस तर आधी स्वतः बघून ठेव, कुठे किती मिनिटांवर काय येतं ते, आणि रिमोट त्यांच्या हातात दे. खरंच सांगते, हातात रिमोट असलेला बाप आणि नसलेला बाप ह्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्यातला कॅप्टन ओबी त्यांना आवडेल बघ, जादूवाल्यांच्या घोळक्यात साधा माणूस, कसली शक्ती नाही, फक्त व्यायाम आणि अवजारं घेऊन आत घुसतो. असा एक साहेब प्रत्येक फायर स्टेशनला असतो म्हणतात, पप्पांना विचार त्यांच्याकडे कोण होता.

पण त्याच्या आधी दुसरं लाव. मेगुमी नो दायगो नावाने शोध, इंग्रजीत फायरफायटर दायगो म्हणून मिळेल, सप्टेंबर २०२३ च्या शेवटी चालू झालेली मालिका आहे, नारिंगी कपड्यांतली रेस्क्यू टीम, त्यांचं ट्रेनिंग, दोर, शिड्या. फायर फोर्सच्या हिरोसारखं पायातून जाळ काढणारं कुणी नाही, राक्षस नाही. ॲनिमेशन काही डोळे दिपवणारं नाही हे आधीच सांगते, आपल्यासारख्याला मधेमधे सपाट वाटेल, पण तुझे पप्पा ॲनिमेशन नाही बघणार, ते गाठ बरोबर मारलीय का ते बघणार. चुका काढतील. काढू दे, चुका काढणारा माणूस उठून जात नाही.

आणि नंतर कधीतरी मजा म्हणून प्रोमेअर. फायर फोर्सच्याच वर्षीचा, २०१९ चा सिनेमा, ट्रिगर स्टुडिओचा, इमाइशी दिग्दर्शक. हिरो गालो आग विझवणारा आणि जवळजवळ अख्खा सिनेमाभर उघडाबंब. जपानमध्ये बायका-पोरी हा सिनेमा परत परत बघायला गेल्या, महिनोन्महिने चालला. म्हणजे ही पण सर्व्हिसच, फक्त पुढच्या रांगेत ह्या वेळी आम्ही बसलो होतो. त्यात ओरडाआरडा पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत, रंगांचा नुसता शिमगा, कुणाचा गळा दाटायला लावून फसवत नाहीत. त्यात गालोकडे मातोई असते, जुन्या एदोचे, म्हणजे आताच्या टोकियोचे, फायरमन छपरावर चढून जो निशाणाचा दांडा नाचवायचे ना, ती. तेव्हा पाणी मारून आग आवरायची नाही, लाकडाची घरं, म्हणून शेजारची घरं पाडून आगीची वाट तोडायचे, आणि कुठे पाडायचं ते ह्या मातोईवरून कळायचं. हे पप्पांना सांग, मी पैज लावते ते म्हणतील आम्ही पण एकदा गवताची गंजी अशीच तोडली होती, आणि मग अर्धा तास टीव्ही पॉज.

पॉज राहू दे त्या वेळी. तू पत्रात तीन प्रश्न विचारलेस, सीनबद्दल, स्वतःबद्दल, परत बसवण्याबद्दल. पण ते म्हणाले आम्ही पण हात जोडायचो, आणि तू लिहिलंस मला भारी वाटलं. कुणासाठी जोडले होते, ते विचारलंस का?